गुळणीचा पार

आंबेखिंडीच्या तळ्याकाठी दगडांचे एक गोल कडे दिसते, तो गुळणीचा पार. त्याला झाड नाही, उंचवटा नाही आणि मानाची जागाही नाही. कड्याबाहेर बुटक्या दगडांची ओळ आहे, ती थोरांची. पाहुणे विचारतात, थोर बाहेर का? त्यावर गावात सांगतात ते असे.

फार पूर्वी गावातल्या तरण्या पोरांना मरगळ लागली म्हणे. ती जेवेनात, बोलेनात, आणि सांज झाली की उठून वरच्या डोंगरकड्याच्या टोकावर जाऊन बसत. एकदा कुंभाराचा पोरगा तिथून परतलाच नाही. पाटील रायाजीचा एकुलता एक मुलगा भानजीही रोज त्याच टोकावर बसत असे.

रायाजीने चावडीवर थोरांना बोलावले. थोरांनी पोरांच्या सुखाचा फार खोल विचार केला. कुणी म्हणाला, दंडाला दोरे बांधा. कुणी म्हणाला, लग्ने उरका. तिसऱ्याच्या मते सगळा दोष उशिरा उठण्याचा होता. दोरे बांधले, लग्ने लावली, पहाटे पाणी ओतून उठवले. पोरे निमूट उठली आणि संध्याकाळी ओल्या अंगाने कड्यावर गेली. थोरांनी पुन्हा बैठक घेतली; बैठकीचा त्यांना कधी कंटाळा नव्हता.

गुरवाची लेक ठकी देवळाचा दिवा लावायला निघाली होती. ती चावडीसमोर थांबली.

"आबा, त्यांना कुणी इचारलं का?"

"त्यांना काय इचारायचं?" रायाजी म्हणाला. "आजारी तेच हायेत ना!"

चावडी खो खो हसली. इतके शहाणे उत्तर बरेच दिवसांत कुणी दिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी गावदेवी खिंडाईचा कौल आला. थोरांनी तळ्याकाठी तीर्थाची गुळणी धरावी आणि पोरांचे बोलणे संपेपर्यंत ती गिळू नये, थुंकू नये. नाहीतर कोप होईल. कौल देवीने दिला असे गुरव सांगतात, ठकीने दिला असे बाकीचे सांगतात. पोरांच्या काळजीने जे झाले नव्हते ते कोपाच्या भीतीने झाले. सगळे थोर गाल फुगवून ओळीत बसले.

 पोरांना बोलायची सवय कुठे होती? शेवटी भानजी उठला.

"आबा, दिसभर रानात तुमचं ऐकतो. सांजंला पारावर तुमी, देवळात तुमी, चावडीत तुमी. आमी बसायचं कुठं? कड्यावर म्हातारं चढत न्हाई, म्हनून तिथं जातो."

रायाजीच्या तोंडात पाण्यासोबत झणझणीत उत्तर होते. पण कुंभार समोर बसला होता, आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी होती. रायाजीने गुळणी धरून ठेवली.

मग एकेकाला वाचा फुटली. बसायला तळ्याकाठी कडे रचू, सगळे सारखे बसू. जो येणार नाही त्याला दोघांनी वरच्या टोकावरून हात धरून आणायचे. एका थोराला कड्याचे तोंड कोणत्या दिशेला हवे हे सांगण्याची इतकी घाई झाली की पाणी नाकातून आले. गोल कड्याला तोंड नसते, हे त्याला नंतर कळले असावे.

बोलणे संपले तेव्हा रायाजीला आपले उत्तर आठवेना. त्याने गुळणी टाकली, एक धोंडा उचलला आणि बरोबर मधोमध नेऊन ठेवला.

"तिथं न्हाई, आबा," भानजी म्हणाला. "हितं भाईर, आमच्या शेजारी."

पाटलाने जन्मात पहिल्यांदा कुणाचे ऐकले म्हणे. त्यानंतर टोकावरून कुणी गेले नाही.

आजही चैत्रात पोरे कड्यात बसून वर्षाचे ठरवतात आणि थोर बाहेर गुळणी धरून बसतात. हल्ली तरुणांच्या कल्याणावर बोलायला शहरातून साहेब येतात, सोबत फलक आणि ध्वनिक्षेपक असतो. गाव त्यांच्यापुढेही आदराने गुळणीचा तांब्या करते.

साहेबांना तहान नसते.