दोन उजव्या बाह्या

बकुळाच्या परकराला सतरा ठिगळं होती, पण त्यांना ठिगळं म्हणायची कुणाची टाप नव्हती! "नक्षी आहे ती," बकुळा ठणकावून सांगायची. शिंप्याला विचारून ती चिंध्या आणायची, एकेक चिंधी गालाला लावून बघायची, आणि मऊ, जाड, झुळझुळीत अशा वेगवेगळ्या पुरचुंड्या बांधायची. घरात कधी तेल नसे, कधी पीठ नसे. रंग मात्र भरपूर.

आज मात्र ती पुरचुंड्या आणि शिवणाचं सामान घेऊन टेकडीखालच्या बागेत मुसमुसत बसली होती. उद्या मामाचं लग्न. सकाळीच बैलगाडी येणार. धड पोलकं नाही म्हणून आई चार वर्षं माहेरी गेली नव्हती. शेवटी तिनं जपून ठेवलेलं पिवळं छापील कापड पोलकं शिवायला बकुळाच्या हाती दिलं. आणि या शहाणीनं काय करावं? कागदाची बाही ठेवून एक बाही कापली, अन् कागद न उलटताच दुसरी कापली. झाल्या दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या! छपाई एकाच बाजूला, त्यामुळे बाही उलटूनही लावता येईना. कापड तर संपलेलं.

"अगं ए, रडून झालं की जरा इकडे बघ ना!" बोरीच्या झुडपातून इवलासा आवाज आला.

काट्यांत एक बोटभर परी अडकली होती. तिचा निळा-जांभळा, चमचमता पंख टर्रकन फाटला होता.

"हलू नकोस हं, आणखी फाटेल," बकुळा म्हणाली. तिनं अलगद काटा काढला. जाड चिंधी लावली तर पंख जड होईल, म्हणून तिनं लाल ठिपक्यांची मलमल काढली. सगळ्यांत आवडती चिंधी होती ती! चिमुकले सात टाके घालून तिनं पंख शिवला.

"दुखलं का गं?"

"छे! गुदगुल्या झाल्या."

परीनं टिचकी वाजवली आणि फांदीवर तीन तुकडे झुलू लागले. एक सोनेरी जरीचा, एक मोरपिशी रेशमाचा, एक साधा हिरवा सुती. प्रत्येक तुकडा एका बाहीपुरताच.

"शिवलेलं पोलकं मी देत नाही," परी म्हणाली. "एकच तुकडा घ्यायचा. सूर्य टेकडीला टेकायच्या आत कात्री लावायची. नाहीतर त्याचं दंव होऊन जाईल."

बकुळानं सोनेरी जर गालाला लावली. टोचली. रेशीम सुळकन निसटलं. सुती कापड मात्र आईच्या हातासारखं वाटलं.

"हे! आईला उन्हात घाम येतो ना."

"काप मग पटकन."

पण बकुळा ओढ्याकडे धावली आणि तिनं तुकडा पाण्यात बुडवला.

"अगं, वेळ जाईल!"

"नवं सुती कापड धुतलं की आटतं, परीताई. आत्ता पुरेल, पण पुढे आईचा हात आवळेल."

"आणि आत्ताच आटून अपुरं पडलं तर?"

बकुळाला रडूच कोसळलं. "तर... तर मी आईला खरं सांगेन. पण आवळणारं पोलकं नाही देणार."

तिनं तुकडा गवतावर पसरला आणि घाबरून डोळे मिटले. सूर्य उतरत चालला. डोळे उघडून बघते तो काय, हिरवं कापड गवतभर पसरलेलं!

"घाईनं कापणाऱ्याचं हे कापड आटतं," परी खळखळून हसली, "आणि भिजवून थांबणाऱ्याचं वाढतं. कात्री लाव बाई आता!"

बकुळानं कागद ठेवला. एक बाही कापली. मग आठवणीनं कागद उलटला आणि दुसरी बाही कापली. हुश्श! तिच्या छातीवरचा धोंडाच उतरला. "परीताई, झाली गं डावी बाही!" ती ओरडली. तोवर झुडपापाशी नुसता लख्ख उजेड होता, आणि त्या उजेडात एक लाल ठिपक्यांचं ठिगळ लुकलुकत वर चाललं होतं.

सकाळी आईनं पिवळं पोलकं घातलं. हिरव्या बाह्या अगदी खुलून दिसत होत्या. उरलेल्या कापडाचा बकुळालाही परकर झाला होता. दारात बैलांची घुंगरं वाजली.

"बकू, कुठे काचत नाही गं," आई म्हणाली. तिनं दोन्ही हात उंच केले, पुढे घेतले, आणि बकुळाला त्या हातांत घट्ट धरून उचलून गाडीत बसवलं.