देव्हाऱ्यातली घुंगरं

फार फार पूर्वी डोंगरांमधल्या एका राज्यात एक नर्तकी होती. ती नाचायला उभी राहिली की दरबारातले पंखेवाले वारा घालायचं विसरत. शेजारचे राजे तिला न्यायला पालख्या पाठवत.

पुढे तिचे गुडघे दुखू लागले. राजानं तिला महाल देऊ केला. ती म्हणाली, "महाल नको, महाराज. धान्याचं जुनं कोठार रिकामं आहे, ते द्या. मुलांना नाच शिकवीन. कुंभाराची, कोष्ट्याची, ज्यांना यायचं त्यांची."

कोठार मिळालं. तिनं आपली घुंगरं खुंटीला टांगली. ज्याचा ठेका जमेल त्यानं त्या दिवशी ती बांधायची, असा तिचा रिवाज होता. त्या घुंगरांसाठी मुलं जिवाचं रान करत.

मग खंडेनवमी आली. या दिवशी जो तो आपल्या कामाची हत्यारं पूजतो आणि तेवढा दिवस त्यांना विसावा देतो. मुलांनी घुंगरांना फुलं वाहिली. राजाही आला. त्याला इतकं भरून आलं की त्यानं तिथल्या तिथे हुकूम काढला. ही घुंगरं आता कायम पूजेतच राहतील, कोठाराचं मंदिर होईल, आणि मळक्या पायांनी आत कुणी यायचं नाही.

दसरा झाला, मुलं आली, तर दाराला कुलूप. त्या कुलपालाही हार घातलेला होता.

नर्तकी तडक दरबारात गेली. "महाराज, शेतकऱ्यानं नांगर उचलला, सुतारानं वाकस उचलला. माझ्याच घुंगरांनी काय पाप केलं?"

"बाई, हा तुमचा सन्मान आहे," राजा म्हणाला.

"सन्मान माझा आणि शिक्षा मुलांना?"

दरबारी गालातल्या गालात हसले. त्या हसण्याची मला अजून चीड येते. तिच्या नाचावर वर्षानुवर्षं माना डोलावणाऱ्यांपैकी एकानंही तिच्या बाजूनं तोंड उघडलं नाही.

नर्तकी राज्याच्या सीमेवरची नदी ओलांडून गेली. पलीकडच्या गावानं तिला आपलं खळं दिलं. इकडची मुलं काही दिवस काठावर उभी राहून लांबूनच ठेका धरत राहिली. मग आईबापांनी त्यांना कामाला जुंपलं.

बऱ्याच वर्षांनी राजवाड्यात उत्सव होता आणि नाचायला अख्ख्या राज्यात कुणी नव्हतं. नदीपलीकडच्या मुली बोलावल्या. त्यांच्याबरोबर काठी टेकत म्हातारी नर्तकीही आली. नाच पाहून राजा गहिवरला. "अहो, हा तर आमचाच नाच."

"तुमचा देव्हाऱ्यात आहे, महाराज. हा ज्यांनी खळं दिलं त्यांचा."

राजाच्या नातीनं हट्ट धरला, मलाही शिकायचंय. राजानं घाईघाईनं ती घुंगरं मागवली. पुजाऱ्यानं उचलताच कुजलेली दोरी तुटली आणि घुंगरं फरशीवर घरंगळली. हळदकुंकवानं ती आतून गच्च भरली होती. एकही वाजलं नाही.

राजानं नर्तकीकडे पाहिलं. ती वेचायला वाकली नाही.

"नातीला खळ्यावर पाठवा," ती म्हणाली. "तिथं पाय मळतात, तेवढं चालवून घ्या."

लहानथोरांनो, कलावंताला हार घालून कला जगत नाही, शिकणाऱ्यांना दार उघडलं तरच जगते.