गोधडीचं पोट

"...आणि हे मधलं भोक मुद्दाम ठेवायचं का, मावशी?"

कोंडाबाई सुईत दोरा ओवत होत्या. "मुद्दामच. ते गोधडीचं पोट."

शाल्मलीने वहीत लिहून घेतलं.

परदेशात कापडाचं शास्त्र शिकून आलेली ही मुलगी तीन महिने देवळाच्या ओसरीवर कोंडाबाईंकडे येत होती. तिने जुनी लुगडी धुतली, वाळवली, थरावर थर अंथरले, कोपऱ्यांवर दगड ठेवले. मग कडेने धावदोरा घालत, फेऱ्यांमागून फेऱ्या, ती आत आत आली. टाके इतके सरळ, की कोंडाबाई म्हणाल्या होत्या, "सुई हाय का फूटपट्टी?"

आता वरच्या थरात मधोमध तळहाताएवढी उघडी जागा उरली होती.

कोंडाबाईंनी भाकरीचा कोरका पुढे केला. "घाल आत, मग शिव. गोधडी उपाशी ठिवू न्हाई."

"भाकरी? मावशी, कीड लागेल."

"लागू दे की. तीबी जेवंल."

"नाही हो! ही शंभर वर्षं टिकायला हवी. शहरातल्या संग्रहालयाने मागितली आहे. खाली माझं... आपलं नाव लागेल. लोकांना कळू दे, आपल्या बायकांच्या हातात काय होतं ते."

"होतं?" कोंडाबाईंनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

शाल्मली ओशाळली.

"बरं. पांघरणार कोण?"

"पांघरायची नाही. काचेत ठेवणार."

"थंडीतबी?"

"तिथे थंडी नसते, मावशी."

कोंडाबाईंनी मान डोलावली. कोरका स्वतःच्या तोंडात टाकला आणि सावकाश चावू लागल्या.

"हे काय! मग पोटात काय घालू?"

"काय नगं. शिवून टाक तसंच. काचेत भूक लागत न्हाई."

शाल्मलीने सुई उचलली. कापडाची कड धरली...

टाका पडेना.

ओसरीवरचं ऊन गोधडीवरून सरकत पायरीपर्यंत गेलं. कोंडाबाई आपल्या कामात होत्या. एकदाही त्यांनी वर पाहिलं नाही.

शेवटी शाल्मलीने सुई कापडात खोचून ठेवली.

"संग्रहालयाला नाही म्हणून कळवते."

कोंडाबाईंनी हातातला टाका पुरा केला.

"मावशी, अजून एक कोरका आहे?"

"टोपल्यात हाय." कोंडाबाईंनी दोरा दातांनी तोडला. "आधी पांघरणारा आण."