बेडूक, सरडे आणि घुगऱ्यांची वाटी

हे आमचं तळं. काठावरचं हे जांभूळ पाहा, आणि पायऱ्यांवरच्या या दोन दगडी मूर्ती. पलीकडे सरडा, अलीकडे बेडूक. बेडूक जरा जास्त देखणा आहे. मी स्वतः बेडूक आहे म्हणून असं म्हणतो, असं समजू नका. बसा सावलीला. घुगऱ्या शिजताहेत.

मघाशी चावडीपाशी दोन म्हातारे एकमेकांना "काय रं सरड्या", "बोल की बेडका" करत होते, तेव्हा तुमचे चेहरे उतरले ते मी पाहिलं. निवडणूक तोंडावर आलेली, तुम्हाला वाटलं आता मारामारी होणार. मग तुम्ही मला हळूच विचारलंत, हा अपमान नाही का? एके काळी होता, चांगला झोंबणारा होता. पुढे काय झालं ते ऐका.

फार पूर्वी या गावाला तळं नव्हतं. उन्हाळ्यात पाण्याचे हाल व्हायचे. तळं खणायचं यावर सगळ्यांचं एकमत होतं, कुठे खणायचं यावरून गाव फुटलं. ओढ्याकाठच्या खालच्या आळीला ते ओढ्यालगत हवं होतं, तर खडकाळ माळावरच्या वरच्या आळीला माळावर. दोन पार्ट्या झाल्या. वरच्यांनी खालच्यांना चिखलातले बेडूक म्हणायला सुरुवात केली, खालच्यांनी वरच्यांना खडकावरचे सरडे. दोघांनी आपापला खड्डा खणायला घेतला आणि माणसं पुरेनात म्हणून दोन्ही अर्धेच राहिले. पाणी कुठेच नाही, पण शिव्यांना तोटा नव्हता.

खालच्या पार्टीचा म्होरक्या सिदोजी, वरच्यांचा रायाजी. हे दोघे एकमेकांचे व्याही, असं सांगतात. सिदोजीची लेक येसू रायाजीची सून होती. येसूच्या नवऱ्याचं नाव कोणी सांगत नाही. तो बिचारा दोन्ही बाजूंना मान डोलवत असावा.

येसू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, मुलगा झाला. आता बारशाला आत्या हवी, आणि आत्या वरच्या आळीतली. रायाजी म्हणाला, बेडकांचा उंबरा माझ्या घरचं कोणी ओलांडणार नाही. सिदोजी म्हणाला, सरडे आले तर मी घरात थांबणार नाही. बारशाचा दिवस टळून गेला. बारसं नाही तर सासरचं बोलावणं नाही. येसू पोराला घेऊन दोन घरांच्या मध्ये लोंबकळत राहिली. तिला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. तिने म्हणे नेम धरला, की दोन्ही आजे एका पाळण्याची दोरी धरत नाहीत तोवर मी आळणी जेवीन.

असे बरेच दिवस गेले. मग एका सकाळी तिने पाळणा उचलला आणि दोन्ही आळ्यांच्या मधल्या या जांभळाला टांगला. ही जागा ना बेडकांची, ना सरड्यांची. तिथेच चूल मांडून तिने घुगऱ्या शिजवायला घातल्या. वास सुटला तशी माणसं जमली. दोन्ही म्होरकेही आले, एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले.

येसू म्हणाली, "मामंजी, माझ्या बाला रोज ज्या नावानं हाक मारता, तेच ह्याच्या कानात सांगा. निम्मं रगत त्येचंच हाय. अन् बा, तूबी सांग. निम्मं त्यांचं हाय."

रायाजी अडून बसणारा माणूस. तो पुढे झाला, पाळण्यावर वाकला आणि त्याने 'बेडूक' म्हणायला तोंड उघडलं. पण पोराने त्याची मिशी धरली आणि सोडीना. वाकलेल्या रायाजीच्या तोंडून शब्द निघाला तो असा, "सोड की रं, बेडका."

शब्द तोच, पण त्यातला डंख गेला होता. सगळ्यांनी तो ऐकला. सिदोजीला हसू आवरेना. तो मिशी सोडवायला धावला आणि म्हणाला, "आरं सरड्या, आजाची मिशी हाय ती." एकाच्या हातात दोरी आली, मग दुसऱ्याच्याही. आत्याने कानात कुर्रर्र केलं. येसूने घुगऱ्यांचा पहिला घास खाल्ला, मिठाचा, आणि ती रडली.

त्या दिवशी दोन्ही आळ्या एका पंगतीत बसल्या. मग कुदळी निघाल्या आणि जांभळापाशीच खणायला सुरुवात झाली. पाणी लगेच उसळलं म्हणे. मला विचाराल तर सगळं गाव एकाच जागी खणायला लागलं, हाच चमत्कार पुरेसा आहे. त्या पोराचं खरं नाव काय ठेवलं, ते मात्र आज कोणालाच आठवत नाही.

तेव्हापासूनची रीत अशी, की ज्याने ज्याच्या हातच्या घुगऱ्या खाल्ल्या, त्यानेच त्याला त्या नावाने हाक मारावी. मागे बाहेरगावच्या एका पुढाऱ्याने न खाताच भाषणात आम्हाला बेडूक म्हटलं. एक म्हातारी उठली आणि त्याच्या हातात वाटी ठेवून म्हणाली, "आदी खा, मंग बोल." त्याने खाल्लं, आणि पुढचं भाषण चांगलं झालं.

आजही मतं वेगवेगळी पडतात, भांडणं होतात, पण निकालाच्या संध्याकाळी जिंकलेली पार्टी या जांभळाखाली घुगऱ्या शिजवते आणि हरलेली पहिली वाटी घेते. तुमच्या वाट्याही आल्या, गरम आहेत, जपून. खाऊन झालं की मला एकदा बेडूक म्हणा. जरा मोठ्यानं म्हणा, पलीकडच्या सरड्यांनाही ऐकू जाऊ दे.