थोरल्याचा लाल दिवा

संगणक कपाटाएवढे असत त्या काळी, औषधांच्या एका गोदामात एक मोठा संगणक आणि तारेने त्याला जोडलेले दोन प्रिंटर राहत. गाडीत कुठला माल भरायचा, त्याच्या चिठ्ठ्या संगणक त्यांच्याकडे छापायला पाठवी. प्रिंटर "झालं" म्हणाला, की ती चिठ्ठी संगणक स्वतःजवळून पुसून टाकी.

थोरला प्रिंटर शाई संपली, कागद अडकला की लगेच लाल दिवा लावी. मग गोदाम सांभाळणाऱ्या हेमलताताई येत, "झालं याचं रडगाणं सुरू!" म्हणत आणि त्याच्या पाठीत धपाटा घालत. धाकट्याचा दिवा मात्र सदा हिरवा. "शिक जरा याच्याकडून," असं त्या थोरल्याला सुनावत.

एकदा गावोगावच्या दवाखान्यांची औषधं न्यायला गाड्या दारात लागल्या. नेमकी धाकट्याची शाई संपली. तरी तो कोरे कागद काढत राहिला आणि दर कागदाला "झालं" म्हणत राहिला. संगणकाने विश्वासाने एकेक चिठ्ठी पुसली. गाड्या रिकाम्याच परतल्या.

"अरे, लाल दिवा लावायला काय झालं होतं तुला?" हेमलताताई कडाडल्या.

"ताई, दिवा लावला की दादाचं काय होतं, ते रोज बघतो मी," धाकटा म्हणाला.

तेवढ्यात थोरल्याचा कागद संपला आणि त्याचा दिवा लाल झाला. ताईंचा हात सवयीने वर गेला. धाकटा बघत होता.

ताईंनी हात खाली घेतला. "बरं झालं, सांगितलंस," त्या थोरल्याला म्हणाल्या, धाकट्यालाही ऐकू जाईल असं.