रिकामी मूठ

“मग बाबा, मुलांना ओढायला शिकवायचं काम माझ्याकडे कधी सोपवताय?” तिवरने विचारलं.

खडपबाबा नुसते पोहत राहिले. तिवरही त्यांच्या बरोबरीने पोहत राहिला.

समुद्रातल्या या माणसांचे कल्ले बरगड्यांखाली असतात. अंगावरून पाणी वाहत असेल तोवरच श्वास. अंग थांबलं की श्वास थांबला. म्हणून त्यांच्यात एकटं कुणी झोपत नाही. एक झोपतो, दुसरा त्याचं मनगट धरून त्याला ओढत नेतो. आजाऱ्याला तर अख्खा थवा आळीपाळीने ओढतो. मागून येणारा विचारतो, “हात देऊ?” ओढणारा मनगट त्याच्या हाती सोपवतो. नाही म्हणायची रीत नाही.

तिवर नाही म्हणाला होता. बायको पुळणी आजारी पडली तेव्हा पाच दिवस त्याने तिला एकट्याने ओढलं. पाचव्या दिवशी ती माझ्या हातातच गेली, असं तो सांगत असे. तेव्हापासून आया आपल्या पोरांना सांगत, “हात असावा तर तिवरसारखा.”

“पाच दिवस, बाबा. तुम्ही तरी कुणाला इतकं ओढलंय?”

“छे रे! अर्ध्या दिवसातच मी बोंब मारतो, कुणीतरी घ्या म्हणून.”

तिवर हसला. मागून येणारी कालवी मात्र हसली नाही.

बाबांनी मनगट पुढे केलं.

“घे. एक डुलकी काढतो.”

तिवरचा हात पुढे आला... आणि अर्ध्यावरच राहिला.

“आत्ता? कालवीताई आहेत ना, त्या धरतील.”

“तू धर.”

“आज खांदा जरा...”

“पाच दिवसांचा खांदा?”

तिवरने आपल्या मुठीकडे पाहिलं. ती आवळलेलीच होती.

“बाबा... चौथ्या दिवशी बोटं बधिर झाली.”

बाबांनी पुढे केलेलं मनगट मागे घेतलं नाही.

“कालवीताईंनी तीनदा विचारलं, हात देऊ का. मी म्हटलं, माझी बायको आहे, माझं मी बघेन. सगळ्यांना पुढे पाठवलं.”

“मग?”

“मग पोहत राहिलो. प्रवाळाची रांग ओलांडली. तिला सांगत होतो, आता ऊन पाणी लागेल, तुला बरं वाटेल. ती काहीच बोलेना, म्हणून मागे पाहिलं...”

तिवरने आवळलेली मूठ बाबांसमोर धरली.

“हातात कुणी नव्हतं. मूठ मात्र अशीच, घट्ट. कधी सुटली ते कळलंच नाही. किती वेळ मी नुसतं पाणी ओढत होतो, बाबा... परत फिरलो, शोधलं. सापडली तेव्हा तळाशी होती. आणि मी सगळ्यांना सांगितलं, माझ्या हातात गेली.”

त्याला वर बघवेना. हातपाय सैलावले. कल्ल्यांतलं पाणी मंद झालं, श्वास अडकू लागला, तरी तो हलेना.

बाबांनी मागून खांद्याने त्याला धक्का दिला. एकदा. पुन्हा एकदा. तिवर पोहू लागला.



मग मागे न बघताच तो म्हणाला, “ताई... थोड्या वेळाने मला विचाराल?”

“विचारीन,” कालवी म्हणाली. “आणि या खेपेला नाही म्हणालास, तर मनगट हिसकावून घेईन.”

तिवरने एकेक बोट उलगडलं. तळहातावर नखांचे जुने वण होते. बाबांनी ते पाहिले. आपलं मनगट त्या तळहातावर ठेवलं आणि डोळे मिटले.

“लवकर धर रे,” ते म्हणाले. “मला खरंच झोप आली आहे.”