दसरीचा जिता वाटा

तलावाच्या पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, त्या टोकाला पाणी काळपट दिसतंय ना, आणि त्यात बांबूच्या तट्ट्यांचं कुंपण आहे, त्याला आमच्या कुरमोडीत 'जिता वाटा' म्हणतात. बाकी तलावात सगळीकडे जाळी पडतात, बायका शिंगाडे काढतात, पाण्यात आपोआप उगवणारं देवधान झोडतात. त्या कुंपणाच्या आत मात्र कुणी गळसुद्धा टाकत नाही. तिथं देव आहे का, असं पाहुणे विचारतात. देव नाही. शेंदूर लावलेला दगडही नाही. तिथं फक्त मासे आहेत. मी लखाराम वलथरे, जातीचा ढिवर, पन्नास वर्षं या पाण्यावर डोंगा चालवतोय. आजोबांनी मला सांगितलं तसं तुम्हाला सांगतो.

फार मागं, सात-आठ पिढ्यांपूर्वी, लागोपाठ दोन वर्षं पाणी पडलं नाही असं सांगतात. धानाच्या बांध्या भेगाळल्या. घरातल्या कोठ्या झाडून झाल्या. मोहफुलं संपली, तलावातले कमळकंदही लोकांनी खणून खाल्ले. उरले फक्त मासे. पण तलाव रोज आटत होता. दुसऱ्या वर्षीच्या चैत्रात सगळं पाणी आटत आटत पाळीखालच्या त्या एका डोहात येऊन थांबलं, आणि तलावभरचे मासे त्यात गोळा झाले. मरळ, मांगूर, जे जे तग धरून होतं ते सगळं. पाण्यात हात घातला तर हाताला मासा लागायचा म्हणे.

आता तुम्हाला वाटेल, लोकांना हायसं वाटलं असेल. झालं उलटंच. गावात ढिवरांची एकेचाळीस घरं होती आणि एकेचाळीस घरांची झोप उडाली. डोह एवढासा, कुणीही दोन दिवसांत रिकामा करील, आपल्याआधी शेजारी करील, ही धास्ती. माणसं पाळीवर येऊन बसू लागली. मासे धरायला नव्हे, दुसऱ्यावर नजर ठेवायला. कोण कुठलं जाळं घेऊन आलं, त्याची भोकं किती बारीक आहेत, कुणाच्या घरावर धूर दिसतोय. भाऊ भावाच्या टोपलीत डोकावायचा. कुणी जागचं उठलं की दहा जण उठायचे. असे बारा-तेरा दिवस गेले.

शेवटी झिंगर नावाच्या माणसानं तोड काढली. तो वाईट नव्हता. त्याची बायको बाळंत होऊन महिना झाला होता आणि तिच्या अंगावर दूध नव्हतं. तो रानात जाऊन गेळफळं गोळा करून आला. गेळफळ कुटून पाण्यात टाकलं की मासा गुंगतो आणि वर तरंगतो, हे तुम्हाला ठाऊक असेल. झिंगर पंचांना म्हणाला की एकदाच टाकू, सगळा मासा वर येईल, एकेचाळीस सारखे वाटे करू. मग कुणी कुणावर डोळा ठेवायला नको. लोक त्या पहाऱ्याला इतके कंटाळले होते, की कित्येकांना हे ऐकूनच मोकळं वाटलं. पंच होते सुकलूमामा. त्यांनीही मान डोलावली. मासे सुकवून ठेवू, महिनाभर पुरतील, असं ठरलं.

त्या बैठकीत दसरी होती. दसरी म्हणजे जाळी विणणारी विधवा बाई. एक मुलगा, मनिराम, लग्नाच्या वयाचा. ती फारशी बोलणारी नव्हती म्हणे. त्या दिवशी मात्र उठून उभी राहिली.

"मामा, वाटा सारखा ना?"

"सारखाच," सुकलूमामा म्हणाले.

"मंग माजा वाटा मले जिता पायजे."

लोकांना आधी कळलंच नाही. तिनं पुन्हा सांगितलं. माझ्या वाट्याचे मासे मारू नका, ते पाण्यातच राहू द्या. पुढं पाणी येईल तेव्हा या तलावात मासा कुठून येणार? शेजारच्या गावांचे तलाव तर केव्हाच साफ झाले होते. झिंगर चिडला. पाणी येईल तेव्हा येईल, आज पोरं मरतायत, असं म्हणाला, आणि तेही खोटं नव्हतं. दसरी सुकलूमामांकडेच बघत राहिली. मामांनी शब्द दिला होता, वाटा सारखा. आता तो मोडता येईना. तेवढ्यात आणखी सहा बाया उठल्या. कुणी पोटुशी, कुणाच्या मांडीवर तान्हं. त्या म्हणाल्या, आमचाही वाटा हिच्यात धरा.

पाणी एकच. त्यातला थोडाही मासा जिता ठेवायचा तर गेळफळ टाकता येत नव्हतं. झिंगरनं गेळफळांची टोपली पाळीच्या पलीकडे उपडी केली.

मनिरामनं बांबू तोडून आणले, तट्टे विणले, आणि सात घरांच्या वाट्याएवढा डोहाचा कोपरा कुंपण घालून वेगळा केला. बाकीचा डोह लोकांनी जाळ्यांनी उपसला. ताजं खाल्लं, सुकवलं, पुरवून पुरवून खाल्लं. वैशाख संपता संपता तेही संपलं. मग सगळ्यांच्या नजरा त्या कोपऱ्याकडे वळल्या.

दसरी दिवसभर कुंपणाच्या कडेनं फिरायची. बसायची, लगेच उठायची, तट्टा हलवून बघायची. तिचे पाय ठरत नव्हते असं सांगतात. तिनं एक रीत घातली. ज्या घरात अंगावर पाजणारी किंवा पोटुशी बाई असेल, त्या घराला एक दिवसाआड एक मासा. बाकी कुणाला नाही, तिला स्वतःलाही नाही. आणि पहिला मासा तिनं दिला तो झिंगरच्या बायकोला. तिनं स्वतः नेऊन दिला. झिंगर दारात उभा होता, त्यानं वाट सोडली. दुसऱ्या दिवसापासून तो काठी घेऊन कुंपणाशी राखण करायला बसला.

मनिराम रोज लांबच्या झऱ्यावरून गावाला पाणी आणायचा. खायचा गवताचं बी आणि झाडपाला. एके दिवशी कावड खांद्यावरून उतरवता उतरवता तो खाली बसला आणि बराच वेळ उठला नाही. मग आईजवळ आला. दहा माणसं बघत होती. त्यानं एक मासा मागितला.

दसरीनं माणसांकडे बघितलं. एक मासा आपल्या लेकाला दिला तर संध्याकाळपर्यंत कुंपण राहणार नाही, हे तिला दिसत होतं. ती म्हणाली, "तुज्या अंगावर कोनी पीत नाही, बापा."

मनिराम रागावला नाही असं म्हणतात. मला ते खरं वाटत नाही, पण सांगतात तसंच. त्यानं फक्त आपले पाय धुतले आणि म्हणाला, "तुजं बरोबर हाये, आई. मी उगवतीकडं जातो, कुठं काम भेटते का पायतो. पानी आलं का येईन."

तो या पाळीवरून, या पूर्वेच्या वाटेनं गेला. दसरी तशीच उभी राहिली. मग एकाएकी ती कुंपणात उतरली, दोन्ही हातांनी एक मरळ धरली आणि धावत सुटली. सगळी पाळ ओलांडली, पलीकडच्या मोहाच्या झाडापर्यंत गेली. वाट रिकामी होती. तिनं हाका मारल्या की नाही, यावर जुन्या लोकांत एकमत नाही. हातातला मासा तडफडून शांत झाला तेव्हा ती परतली. तो मासा तिनं झिंगरच्या घरी दिला आणि पुन्हा कुंपणाशी आली. तिनं रीत मोडायला घेतली होती, हे सगळ्यांनी पाहिलं. पण त्यानंतर तिच्याकडे मासा मागायला कुणी गेलं नाही.

पुढं पाणी आलं. तलाव भरला तेव्हा कुंपणात किती मासे उरले होते याचे आकडे जो तो वेगळे सांगतो. फार नव्हते एवढं खरं. तट्टे काढले. तिसऱ्या वर्षी तलाव माशांनी भरला आणि आसपासच्या पाच गावांनी आपल्या तलावांत सोडायला इथूनच पिल्लं नेली. एकेचाळीस घरांतलं एकही घर ओस पडलं नाही. मनिराम मात्र आला नाही.

दसरी पुढं पुष्कळ वर्षं जगली. चांगलं झालं की वाईट, हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. एवढंच, की त्या पूर्वेच्या वाटेवर माणूस दिसला की ती हातातलं जाळं टाकून उठायची. कुणीही असो, त्याला घरी आणायची, पान वाढायची, समोर बसायची. नाव विचारायची नाही. जेवण होऊन त्यानं हात धुतले की मगच विचारायची. शेवटी शेवटी डोळे गेले तिचे, तरी तेच. एकदा झिंगरच्या बायकोनं तिला विचारलं, आधी नाव का विचारत नाही? तर म्हणाली, "नाव कळलं का मंग तो दुसरा कोनी होते."

आजही उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की आम्ही त्या कोपऱ्याला तट्टे लावतो, आणि बाळंतिणीच्या घरी पहिला मासा तेवढा तिथून जातो. आजही दरवर्षी त्यावरून भांडण होतं. मच्छीमार संस्थेच्या बैठकीत जवान पोरं म्हणतात की सगळ्यात मोठे मासे तिथं आहेत, बाजारात भाव आहे, एकदा तरी जाळं टाकू द्या. मी पंच असताना मलाही वाटलं होतं. पोराचं लग्न होतं तेव्हा. मी तट्ट्याला हात लावून परत आलो. दर ज्येष्ठात मी तसाच तट्ट्यापर्यंत जाऊन परत येतो, आणि ज्या वर्षी हे भांडण होणार नाही त्या वर्षी हे कुंपण राहणार नाही, असं मला वाटतं.

तुम्ही मघाशी पूर्वेच्या वाटेनं आलात ते सुनेनं पाहिलं. भात झाला आहे, मरळीचं कालवण आहे. उठा, हात धुवा. तुमचं नाव मी जेवण झाल्यावर विचारीन.